गाडीचं दुखणं : दिवे विझता विझत नाहीत

प्रश्न : मी निवृत्त प्राथमिक शिक्षक. जांबोटीच्या पुढे एका खेड्यात राहतो. गेल्या दिवाळीत मुलाने वापरलेली गाडी घेऊन दिली, २०१९ चे मॉडेल, हेडलाइट साध्या बल्बचे. स्टेअरिंगजवळच्या दिव्यांच्या दांडीवर तीनच खुणा आहेत : ऑटो, पार्किंग आणि हेडलाइट. ‘बंद’ अशी खूणच नाही. ऑटोवर ठेवले की भर दुपारीही दिवे जळत राहतात. समोरून येणारा जो तो हाताची बोटे उघडमीट करून दाखवतो. किणये गावात एका बाईंनी तर गाडी थांबवून सांगितले. दुसरी अडचण अशी की माझे जावई फौजेत आहेत, बेळगावला कॅम्पात क्वार्टर आहे. रात्री गेलो की गेटवरचा पहारेकरी दिवे विझवायला सांगतो. मी कुठून विझवणार? शेवटी गाडीच बंद करतो, आणि मागचे हॉर्न वाजवत बसतात. शहरातला एक वायरमन म्हणाला, वायर तोडून खाली खटका बसवून देतो, आठशे रुपये होतील. बसवून घ्यावा का? डॅशबोर्डचा फोटो सोबत पाठवला आहे.

उत्तर : गुरुजी, नमस्कार. ते आठशे रुपये सध्या खिशातच राहू देत. तुमच्या पत्रात दुखणी दोन आहेत आणि औषध तुम्ही एकच मागताय. दिवसा दिवे जळतात हे एक, रात्री मनात येईल तेव्हा विझत नाहीत हे दुसरं. पहिल्याला बटण लागतच नाही. दुसऱ्याला लागेल कदाचित, पण वायरमन म्हणतो तसलं नव्हे.

फोटो पाठवलात हे फार बरं केलंत. मोबाईलवर दोन बोटांनी मोठा करून बघितला. डॅशबोर्डवर काळं मखमली कापड, कडेला सोनेरी झालर, मधोमध गणपती, त्याच्यापुढं अत्तराची बाटली. कापड पार काचेला भिडलंय. आता गणपतीच्या मागं, डॅशबोर्ड आणि काच जिथं मिळतात तिथं बघा. कापडाखाली शर्टाच्या बटणाएवढा उंचवटा दिसतोय. तो गाडीचा डोळा, म्हणजे उजेड ओळखणारा सेन्सर. गुरुजी, तुम्ही गाडीच्या डोळ्यावर काळी मखमल पांघरलीय आणि वर विचारताय की हिला दिवसा अंधार का दिसतो!

त्या बटणाच्या आत फोटोडायोड असतो. उजेड पडला की त्यातनं अगदी बारीक करंट वाहतो, अंधार झाला की थांबतो. गाडीच्या आत बीसीएम म्हणून एक डबा असतो. दिवे, वायपर, दारांची कुलपं सगळं तोच बघतो. त्याला हा करंट दिसेनासा झाला की तो म्हणतो रात्र झाली, आणि दिवे लावतो. म्हणूनच कुणी तुम्हाला ‘सेन्सरचा कपलर (वायरीचा जोड) काढून टाका, दिवे लागायचे बंद होतील’ असं सांगितलं तर ऐकू नका. उलटं होतं. कपलर काढला की करंट शून्य, म्हणजे बहुतेक गाड्यांच्या हिशेबानं अमावस्या. दिवे कायमचे सुरू. आणि ते बरोबरच आहे, डोळा फुटला तर दिवे लागलेले राहावेत म्हणूनच कंपनीनं तसं ठेवलेलं असतं.

तर आधी कापड काढा. गाडी उन्हात उभी करून इंजिन सुरू करा आणि दांडी ऑटोवर ठेवा. दिवे लगेच विझले नाहीत म्हणून घाबरू नका. लागताना ते एक-दोन सेकंदांत लागतात, विझताना मात्र मुद्दाम वेळ घेतात. नाहीतर झाडांच्या सावल्यांतनं जाताना लग्नाच्या मांडवागत लुकलुक झाली असती. मिनिट-दोन मिनिटं वाट बघा. विझले की त्या बटणावर अंगठा ठेवून बघा. परत लागले तर डोळा शाबूत आहे, सेन्सर बदलायला कुणी सांगितला तर नको म्हणा. गणपती हलवायचा नसेल तर नका हलवू. त्या जागी कापडाला रुपयाएवढं भोक पाडा, आणि घरात सांगून कडेनं दोरा मारून घ्या, नाहीतर झालरीसकट सगळं उसवत जाईल.

ज्यांच्या गाडीत हा डोळा डॅशबोर्डवर नसून वर, आरशाच्या मागं काचेला चिकटवलेला असतो, त्यांनी तिथं बाहेरनं बघावं. मागच्या पावसाळ्यात एकजण पंधरा दिवस हैराण होऊन आमच्या उद्यमबागेतल्या गॅरेजात आला. टोलनाक्यावर कुणीतरी फास्टॅग नेमका डोळ्यावर डकवून दिला होता. स्कॅनर लावायच्या आधीच मी तो नखानं उचकटला. पैसे काय घ्यायचे, चहा घेतला.

आता कॅम्पातल्या गेटचं बघू.

तुमच्या दांडीवर ‘बंद’ नाही ही कुणाची चूक नव्हे. युरोपात जो नियम चालतो त्यात उजेड १००० लक्सच्या खाली गेला की हेडलाइट दोन सेकंदांत आपोआप लागला पाहिजे आणि ७००० च्या वर गेला की विझला पाहिजे, असं धरलेलं आहे. (लक्स हे उजेडाचं माप. कडक उन्हात लाखभर लक्स असतो, म्हणजे १००० हा मावळतीच्या सुमाराचा उजेड झाला.) तिकडं विसराळू ड्रायव्हर गृहीत धरून बंदची खूणच काढून टाकली. त्या बाजारासाठी बनणाऱ्या गाड्यांची दांडी मग इकडच्या मॉडेललाही तशीच येते. मला विचाराल तर विसराळू ड्रायव्हर आपल्याकडंही काही कमी नाहीत.

आधी फुकटातले उपाय करून बघा. गेटपाशी गाडी पूर्ण थांबली की दांडी पार्किंगच्या खुणेवर न्या. काही गाड्यांत उभी असताना एवढ्यानं हेडलाइट विझतो आणि फक्त बारके दिवे राहतात. पहारेकऱ्याला तेवढं पुरतं, त्याला फक्त डोळ्यांवरची तिरीप नको असते. आतला छताचा दिवा लावा म्हणजे त्याला तुमचा चेहराही दिसेल. काही गाड्यांत दांडी ऑटोच्याही मागं ढकलून क्षणभर धरावी लागते, सोडली की ती परत जागेवर येते, पण दिवे विझलेले राहतात. काहींत हँडब्रेक ओढून इंजिन सुरू केलं तर गाडी हलेपर्यंत दिवे लागत नाहीत. गाडीबरोबर पुस्तक आलं असेल तर ‘दिवे’ हे प्रकरण वाचा. तुम्ही शिक्षक, तुम्हाला वाचा म्हणून सांगायला मी कोण. पण गॅरेजात येणाऱ्या दहांतल्या नऊ गाड्यांत ते पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीतनं बाहेरही आलेलं नसतं.

यातलं काहीच चाललं नाही तरच बटण. वायरमन म्हणतो तसं वायर तोडून खटका का नको, ते सांगतो.

साधा हेडलाइट बल्ब डिप्परला, म्हणजे खाली पडणाऱ्या उजेडाला, ५५ वॅटचा असतो. दोन मिळून ११०. बारा व्होल्टला नऊ अँपिअरच्या वर झाले. बाजारात जो खटका मिळतो तो बहुतेक घरच्या फळ्यावरचा, ६ अँपिअरचा, तोही एसी करंटसाठी, म्हणजे घरातल्या उलटसुलट वाहणाऱ्या करंटसाठी केलेला. एसीत करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळं ठिणगी आपसूक मरते. गाडीतला करंट डीसी, एकाच दिशेनं वाहणारा, तो शून्यावर येत नाही, ठिणगी ओढली जाते. थोड्या दिवसांनी कॉन्टॅक्ट काळा पडतो, खटका गरम व्हायला लागतो, मग तुमच्या गुडघ्यापाशी जळकट वास. शिवाय वायर बॉनेटमधनं आत आणून परत बाहेर नेली की वाटेत व्होल्टेज गळतं आणि दिवे पिवळे पडतात. हे सगळं आठशे रुपयांत.

पण खरं कारण वेगळं आहे, आणि ते मी स्वतः भोगलंय.

बारा-तेरा वर्षांपूर्वी माझ्याकडं अशीच ऑटो दिव्यांची जुनी गाडी होती. आपण इलेक्ट्रिशियन, त्यामुळं हात शिवशिवत होते. स्टेअरिंगखाली खटका मारला, आणि शहाणपणा असा की पार्किंगची लाईनही त्याच खटक्यावर घेतली, म्हणजे एका बोटात सगळं बंद. एका रात्री कॅम्पात रिसेप्शनला गेलो. गेटवर खटका दाबला, पहारेकऱ्यानं सलाम ठोकला, मला कोण आनंद. जेवून निघालो. खानापूर रोडला रस्त्यावरचे दिवे होते, दुकानांचे होते, समोर मीटर झगझगीत उजळलेला. टिळकवाडी गेली, उद्यमबाग मागं पडलं. पिरनवाडीच्या अलीकडं उजेड संपला तसा मला समोर रस्ता दिसेना म्हणून वेग कमी केला, आणि मागनं दाण्णकन आवाज. दुधाचे कॅन लावलेली मोटरसायकल माझ्या बंपरवर. बिचाऱ्याचं कोपर सोलपटलं होतं, दूध डांबरावरनं गटारीकडं वाहत चाललं होतं. माझ्या गाडीला मागं लाल दिवा नव्हता, त्याला मी दिसणार कसा. तो उठून एवढंच म्हणाला, “अण्णा, मागं लाईट नको व्हय?” दुधाचे आणि दवाखान्याचे पैसे दिले, पण त्याला सांगायला तोंड नव्हतं की मी हाच धंदा करतो. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं काम, खटका उपटून टाकला.

तेव्हापासून माझा एकच कायदा. दिव्याचं बटण असं बसवायचं की माणूस विसरला, बटण बिघडलं, वायर तुटली, काहीही झालं तरी दिवे लागलेलेच राहिले पाहिजेत.

तुमच्या घरी फ्रिज असेल. दार उघडलं की आत दिवा लागतो आणि दार लावलं की विझतो, कारण दार एक छोटं बटण दाबून धरतं. दाबलं की बंद, सोडलं की चालू. आपल्याला हवंय ते हेच. गेट आलं की अंगठ्यानं दाबून धरायचं, पहारेकऱ्यानं हात केला की सोडून द्यायचं. विसरायला काही उरतच नाही, कारण अंगठा दुखायला लागेल.

हे बटण कुठं घालायचं? बॉनेट उघडा, बॅटरीशेजारी फ्यूजचा काळा डबा असेल. झाकणाच्या आतल्या बाजूला नकाशा छापलेला असतो. त्यात डिप्परचा रिले दाखवलाय का बघा. रिले म्हणजे मोठ्या करंटचा हमाल : बल्बचे नऊ अँपिअर तो वाहतो आणि त्याला हुकूम द्यायला जेमतेम दीड-दोनशे मिलिअँपिअर लागतात. हुकमाची ती बारीक वायर जिथं आहे तिथंच हे दाबायचं बटण घालायचं, बल्बच्या वायरीला हात लावायचा नाही. बारीक करंट, त्यामुळं ठिणगी नाही, गरम होणं नाही, दिवे पिवळे पडणं नाही. मागचे लाल दिवे आणि पार्किंग वेगळ्या लाईनवर असल्यामुळं ते जळत राहतात. वायर कापायची वेळ आलीच तर नुसता पीळ मारून काळी टेप गुंडाळू देऊ नका, जांबोटीच्या पावसात पहिल्याच आषाढात आत हिरवं धरतं. सोल्डर करून वर उष्णतेनं आवळणारी नळी चढवायला सांगा.

नकाशात तसा रिले नसेल तर समजायचं की बीसीएम बल्बला थेट करंट देतो. मग माझा सल्ला, नादाला लागू नका. हा डबा करंट अखंड न देता तुकड्या-तुकड्यांनी देतो आणि मधूनमधून बल्ब शाबूत आहे का तेही चाचपतो. वाटेत कुणी मध्ये आलं की मीटरवर बल्ब गेल्याची खूण येते. बाहेरचा रिले बसवला तर तो भुंग्यासारखा घुंई करत राहतो. एलईडी हेडलाइटवाल्यांनी तर हा परिच्छेद दोनदा वाचावा.

काही हुशार मंडळी वायरीला हातच लावत नाहीत, डोळ्यालाच फसवतात. सेन्सरवर एक टोपी, टोपीत बारका एलईडी, त्याला एक किलोओहमचा रेझिस्टर आणि बटण. बटण दाबलं की गाडीला वाटतं सूर्य उगवला. कल्पना झकास आहे, मी स्वतः करून बघितलीय. पण एक तर दिवे विझायला गाडी आपला वेळ घेते, तोवर पहारेकरी खिडकीशी आलेला असतो. दुसरं, बऱ्याच सेन्सरांना डोळ्यांना न दिसणारा उष्ण किरणांकडचा उजेड लागतो, पांढऱ्या एलईडीला ते भीक घालत नाहीत. मग लोक तारेचा जुना बल्ब घालतात आणि टोपी वितळते. मोबाईलच्या टॉर्चनं डोळा तपासू नका, तेही याचसाठी. ऊन खरं.

कायद्याचंही दोन ओळींत. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत १०५ वा नियम दिव्यांचा आहे : सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून, आणि पुरेसा उजेड नसेल तेव्हा कधीही, चालत्या गाडीचे दिवे लागलेले हवेत, आणि समोर १५५ मीटरपर्यंतचं माणूस-वाहन स्पष्ट दिसायला हवं. ‘चालत्या’ हा शब्द तुमच्या कामाचा. गेटवर उभं राहून अर्धा मिनिट दाबून धरण्यात वावगं नाही. कायमचा खटका मात्र चालत्या गाडीचे दिवे घालवू शकतो, आणि तशा गाडीला अपघात झाला की विम्याचा सर्व्हेअर पहिल्यांदा स्टेअरिंगखाली वाकून बघतो.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण तुमचा रोजचा रस्ता जांबोटीचा म्हणून सांगतो. जंगलात दाट झाडीखाली दिवे आपोआप लागतात, परत विझतात, ते ठीक आहे, त्याला बिघाड समजू नका. समोरच्या वळणावर गवा उभा असेल तर तुम्हालाच ते हवे आहेत. पण जुलैत कणकुंबीच्या वर धुकं उतरतं तेव्हा ऑटोवर बिलकूल विसंबू नका. दिवसाचं धुकं पांढरं असतं. माणसाला दहा पावलांवरचं दिसत नाही, पण त्या डोळ्याला उजेड भरपूर मिळतो, त्याच्या लेखी लख्ख दुपार आहे. दिवे लागत नाहीत. पुढं दिवसा आपोआप जळणारी पांढऱ्या दिव्याची पट्टी असेल तर तेवढीच दिसते, मागनं गाडी पूर्ण आंधळी, आणि पाठीमागं वाहनं येत असतात. जांबोटी सोडताना समोर पांढरं दिसलं की दांडी हातानं हेडलाइटवर फिरवा. अपर मारू नका, तो धुक्यावर आपटून तुमच्याच डोळ्यांवर येतो. हाताचा ताबा खरा लागतो तो इथं, आणि त्याची खूण तुमच्या दांडीवर आधीपासून आहे. घाट उतरून उजेड आला की आठवणीनं परत ऑटोवर.

कापड काढून काय झालं ते कळवा. झाकणावरच्या नकाशाचा फोटोही पाठवा, रिले आहे की नाही मी इथनं बघून सांगतो. गाडी आणायची तर बुधवार सोडून कधीही आणा.

प्रश्न : माझ्या मोटरसायकलला हेडलाइटचे बटणच नाही, दिवसभर दिवा जळतो. बॅटरी उतरेल का? वेगळे बटण बसवता येईल का? वर्षात तिसरा बल्ब गेला. (एक वाचक, निपाणी)

उत्तर : बटण नाही ते बरोबर आहे. १ एप्रिल २०१७ पासून आपल्या देशात बनलेल्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनबरोबर आपोआप लागलाच पाहिजे असा नियम आहे. ऊसवाहतुकीच्या ट्रॅक्टरमागनं अचानक बाहेर येणारी मोटरसायकल समोरच्याला दिवसाही दिसावी म्हणून. बटण बसवू नका. रस्त्यात कुणी बोटं उघडमीट करून दाखवली किंवा ‘लाइट ऑफ माड्री’ (कानडीत, लाइट बंद करा) म्हणून ओरडलं, तर मान हलवा आणि पुढं जा. इंजिन चालू असतं तोवर चार्जिंग होतच असतं, त्यामुळं बॅटरी उतरायचा प्रश्न नाही.

बल्ब जातात त्याचं कारण नुसतं दिवसभर जळणं नव्हे. वर्षात तीन म्हणजे बहुधा व्होल्टेज चढतंय. बॅटरीच्या दोन टोकांना मीटर लावा, इंजिन सुरू करून हळूहळू एक्सलेटर वाढवा. साडेचौदाच्या आसपास आकडा थांबला पाहिजे. पंधरा ओलांडून वर चालला तर रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा भाग) गेलाय, तो बदला. नवा बल्ब बसवताना काचेला बोट लावू नका, कागदात धरा.